सहाणेवरचा फणसोंबा

"सासूबाई परत आल्यात," विनिता म्हणाली आणि समोरचा चहा तसाच निवत राहिला.

महादेव मास्तरांच्या अंगावर काटा आला. सुनंदाबाईंनी मात्र शांतपणे चष्मा पुसला. डहाणू रोड स्टेशनवर तीस वर्षं तिकिटं तपासलेली ती बाई. निवृत्तीनंतर लोकांची कोडी सोडवायचा उद्योग तिने काढला होता, आणि शेजारचे मास्तर पिशवी धरून सोबत हिंडत.

"रोज दुपारी दोनला मागच्या पडवीत सहाणेवर उगाळल्याचा आवाज येतो. खर्र, खर्र. आवाज थांबल्यावर उंबऱ्यातून डोकावते तर कोणी नाही. सहाण तेवढी ओली, तपकिरी."

सासूबाई म्हणजे सरावलीच्या हिरकणी सावे. दोन वर्षांपूर्वी, २०१५ साली, स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. आठ महिने त्यांनी गाठ लपवली आणि फणसाच्या खोडावर येणारं कडक अळंबं, म्हणजे फणसोंबा, उगाळून घेत राहिल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले.

"पेटीतली त्यांची सुती साडीही फाटलेली सापडली. पट्ट्या काढल्यासारखी." विनिताने कप बाजूला सारला. "घरात बाई मीच होते. माझ्या लक्षात यायला हवं होतं. म्हणून माझ्यामागे लागल्यात."

तिघं सरावलीला पोचली तेव्हा मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. विनिताचे सासरे विष्णू सावे मान वाकवून दाराच्या चौकटीतून बाहेर आले. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पाठ घामाने भिजलेली. पाहुण्यांचा मान राखणारा माणूस, मास्तरांना वाटलं.

"सून घाबरट आहे, बाई," ते म्हणाले. "दुपारी मी वाडीत असतो. मला काही ऐकू येत नाही."

वाडीत फणसाखाली गावातली सोनल धुमसत उभी होती. ती कॉलेजात संशोधन करायची. फणसोंब्यातली द्रव्यं स्तनाच्या कॅन्सरवर चालतात का, हा तिचा विषय. "माझे नंबर लावलेले नमुने आहेत हे. कोणीतरी रोज तुकडा कापून नेतंय."

मास्तरांनी हात वर केला. कापलेला भाग वीतभर वरच राहिला. "शिडी लावली असेल."

"खालचा पाला जागचा हललेला नाही, मास्तर," सुनंदाबाई म्हणाल्या. "सोनल, हे औषध आहे असं तू कोणाला सांगितलंस?"

"महिनाभरापूर्वी या घरातच बचत गटाची सभा घेतली. प्रयोगशाळेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी याच्या अर्काने मेल्या, एवढं सांगितलं. हा रोग पुरुषांनाही होतो म्हटलं तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तेवढ्यात बाहेर कप फुटला आणि सगळ्यांचं लक्ष उडालं. ओट्यावर चहाची तयारी चालली होती."

वाडीचा गडी लाहू उघड्या अंगाने चिकू भरत होता. ताडमाड माणूस. मास्तरांनी त्याला नजरेनेच आरोपी करून टाकलं.

"मी कशाला कापू?" लाहू म्हणाला. "पोराचं तोंड आलं की आमच्यात बोटभर उगाळून लावतात, बस. इथे वाटीवाटीनं संपतोय. मालकांना, विष्णूभाऊंना सांगितलं, तर ते गप. भाऊंचं काय खरं नाय. आधी माझ्यासारखेच उघडे फिरायचे वाडीत, या उन्हाळ्यात सायबी चढलीय. सदरा काढीत नाय."

सुनंदाबाईंनी सगळ्यांना पडवीत बोलावलं. सहाण अजून ओलसर होती. विनिता उंबऱ्याच्या आतच थांबली.

"भूत उंच आहे," त्या म्हणाल्या. "त्याला शिडी लागत नाही. म्हणजे विनिता नाही, सोनलही नाही. भूत वाटीभर उगाळतं, म्हणजे ते चाटत नाही, लेप लावतं. वर मऊ सुती पट्टी बांधतं."

"मग लाहूच!" मास्तर म्हणाले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, मास्तर. लाहूच्या उघड्या अंगावर कुठे पट्टी दिसली?" त्या विष्णूंकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "भाऊ, सभेत तो कप तुमच्या हातून फुटला ना? वरची दोन बटणं काढाल?"

विष्णूंनी बटणं काढली. छातीच्या डाव्या बाजूला हिरकणीच्या साडीची पट्टी होती. तिच्यावर तपकिरी डाग होता आणि त्याच्या कडेने लाल.

"बायकांचा रोग," ते पुटपुटले. "मिशा असलेल्या माणसाने कोणाला सांगायचं? सभेत बायका हसल्या, ते ऐकलं मी."

सोनल रडवेली झाली. "काका, बशीतल्या पेशी मेल्या म्हणजे माणूस बरा होतो असं नाही. माणसांवर अजून काहीच तपासलेलं नाही. हे मी सभेत ठासून सांगायला हवं होतं."

"हिरकणीने लपवलं नव्हतं गं," विष्णू सुनेला म्हणाले. "तिने पहिल्याच आठवड्यात मला गाठ दाखवली. मीच म्हणालो, डॉक्टर नंतर बघू, आधी थोडे दिवस उगाळून बघ. तिने दुसऱ्या कोणाला कळू दिलं नाही, ते माझ्यासाठी. आता उगाळायला बसलो की ती समोर येऊन बसते. काही बोलत नाही. नुसती सहाणेकडे बघते."

मास्तरांनी नकळत सहाणेपलीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"उशीर झालाय का, बाई?" विष्णूंनी विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील. आजच विचारायचं."

महिनाभर विनिताने त्या पडवीत पाऊल टाकलं नव्हतं. ती उंबरा ओलांडून आली, सहाण धुतली आणि भिंतीशी उपडी ठेवली. मग सासऱ्यांच्या सदऱ्याची बटणं तिने एकेक करून लावली.

"चला बाबा," ती म्हणाली. "मी गाडी सांगते."