लाल काठाचा पाग

“पागाला हात लावू नको, पोरी. बाईचा हात लागला की दर्या रुसतो.”

बाबांनी हे बजावलं तेव्हा प्राप्ती परकर नेसायची. पुढे ती रोज देवापुढे दिवा लावत आली, सोमवार धरत आली. पण देवाने स्वतः असं काही सांगितल्याचं तिला कधी ऐकू आलं नव्हतं...

नागावच्या किनाऱ्यावर टीव्हीच्या ड्रॅग स्पर्धेचं शूटिंग चाललं होतं. पुरुषांनी बाईच्या वेषात मंच गाजवायचा, आणि आजच्या भागात आपापली कला दाखवायची. अबोलीच्या वेण्या पोचवायला आलेली प्राप्ती माडाआड वळली आणि तिथे बसलेल्या हिरव्या लुगड्यातल्या बाईवर आदळलीच.

“अगो, बघून!” आवाज पुरुषाचा निघाला. “आधीच पाग फाटलाय, आता मलापन फाड.”

तो मुरुडकडचा स्पर्धक कमलेश. ओठ लालभडक, नाकात नथ, मांडीवर पाग – हाताने फेकायचं ते गोल जाळं.

“हे फेकणार? स्पर्धेत?”

“बाकीचे नाचतील. मला हेच येतं. पन या खोट्या नखांनी गाठ बसत न्हाय. तुला येते?”

“येते... बघून बघून, चोरून शिकले. पन आमच्यात बायका पागाला हात लावत न्हाईत.”

“मग या लुगड्यात मीपन लावायचा न्हाय?” तो खुदकन हसला. “बरं, खरं सांग. कशी दिसतेय?”

“सोमवार हाय, खोटं बोलणार न्हाय. नथ उजवीकडं घातलीस.”

तिने हलकेच नथ काढून डाव्या बाजूला अडकवली. त्याचा श्वास तिच्या बोटांना लागला... मग प्राप्तीने पाग ओढून घेतला आणि गाठी मारायला बसली.

“बदल्यात काय देऊ?”

“फेकायला शिकव.”

“हा भाग टीव्हीवर लागला की दुसऱ्या सकाळी, ओहोटीला, काशीदच्या खाडीवर. तोवर आम्हाला बाहेर कुणाला भेटायची बंदी; आजचं फेकणं झालं की पाग तुझ्याकडं. येशील?”

“वचन.”

कॅमेरे सुरू झाले तसा कमलेशने पदर खोचला, पागाचा काठ दातांत धरला, कंबरेतून गिरकी घेतली... पाग हवेत थाळीसारखा उघडला आणि पाण्यावर गोल टेकला. किनारा शिट्ट्यांनी दणाणला.

परीक्षक मात्र नाक मुरडून म्हणाले, “ही कला आहे की मासेमारी? आणि जाळ्याला ताज्या गाठी दिसतात, दुरुस्ती कुणाची? बाहेरची मदत घेतली असेल तर बाद!”

कमलेशने ओठ मिटून घेतले. नाव सांगितलं तर तिच्या घरी कळणार... कॅमेरा त्याच्यावर रोखलेला.

“माझी,” मागून आवाज आला. हळू, पण खणखणीत. वेण्यांची टोपली डोक्यावर घेऊन प्राप्ती पुढे आली. “बाईच्या हातानं शिवलाय. रुसला का दर्या?”

कमलेश बाद झाला. जाताना पाग तिच्या खांद्यावर टाकत पुटपुटला, “हरलो... पन तू आवडलीस. हेपन कॅमेऱ्यासमोर सांगितलं असतं, पन तुला न इचारता कसं?”

“खाडीवर सांग,” ती म्हणाली आणि लाजून वळली.

तो भाग लागला. बाबांनी पुरता पाहिला आणि टीव्ही बंद केला.

सकाळी प्राप्तीने न्हाऊन दिवा लावला, हात जोडले, पाग खांद्यावर घेतला. बाबा ओटीवरच बसले होते.

“कुठं निघालीस?”

“वचन दिलंय, बाबा.”

त्यांनी पाय दुमडून वाट दिली.

पागाच्या काठावर कमलेशच्या ओठांचा लाल डाग अजून होता. पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना प्राप्तीने इकडेतिकडे पाहिलं, तोच काठ अलगद दातांत धरला... आणि खाडीची वाट धरली.