दुसरी कडी

मार्च सरत आला होता. एल बोल्सोनच्या खोऱ्यात बिअरला कडू चव देणाऱ्या हॉप्सच्या फुलांची तोडणी उरकत आली होती आणि गावातल्या प्रत्येकाच्या कपड्यांना तो हिरवा, कडसर वास चिकटला होता. त्या दुपारी वारा असा काही सुटला की भांड्यांच्या दुकानाबाहेर टांगलेलं एक पातेलं निसटलं आणि खणखणत रस्त्यावरून धावत सुटलं. त्याच्या मागे दुकान सांभाळणारी देल्फिना धावली. पातेलं एका तरुणाच्या बुटांशी जाऊन थांबलं. त्याने ते उचललं, आत वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

“किती लिटरचं आहे हो हे?”

“वीस... आणि ते पळून चाललं होतं.”

“मग हेच द्या. मला घरी वीस लिटर बिअर करायचीय.”

देल्फिनाला हसू आवरेना. दर मोसमात असा एखादा तरी वीर दुकानात येई. वीस लिटर बिअर करायची, म्हणून वीस लिटरचं पातेलं!

“हसायला काय झालं?”

“काही नाही. फेस कुठे ठेवणार तेवढं सांगा. खिशात?”

त्याचं नाव गास्पार. हॉप्सच्या मळ्यात कामाला होता. बोटं चिकाने काळवंडलेली, आणि चेहऱ्यावर असा आत्मविश्वास की उगाचच वाद घालावासा वाटावा. देल्फिनाने त्याला दुकानात आणून नीट समजावलं. जवाचा काढा तासभर उकळायचा, त्यात कितीतरी पाणी वाफेवर जातं, म्हणून सुरुवातच पंचवीस लिटरच्या आसपास करायची. वरून हॉप्स पडले की फेस उसळतो, त्यालाही जागा हवी. तेव्हा पस्तीसचं घ्या. मग तिने तो प्रश्न विचारला, जो विचारल्याशिवाय तिची एर्मिंदा मावशी कुणालाही मोठं पातेलं विकू देत नसे.

“शेगडी कोणती आहे? आणि दुसरी कडी कोण धरणार?”

“दुसरी कडी?”

“उकळता काढा गार पाण्यात ठेवायला पातेलं उचलावं लागतं. एकट्याने उचललंत तर पाय भाजाल. दोन कड्या, दोन माणसं.”

“मी तर एकटाच राहतो,” तो म्हणाला. मग जरा ताठ होऊन, “वीसचंच द्या. लक्ष ठेवेन मी.”

सोमवारी तो पुन्हा हजर. चालताना बूट चटचट वाजत होते.

“लक्ष ठेवलं होतं ना?” देल्फिनाने भोळेपणाने विचारलं.

“ठेवलं होतं हो! क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं, तेवढ्यात फेस उतू गेला आणि शेगडी विझली. अर्धा काढा जमिनीवर. शेजारणीच्या कोंबड्या माझ्या दारातून हलायला तयार नाहीत.”

पडद्यामागच्या स्वयंपाकघरातून मावशीचं हसणं ऐकू आलं. गास्पारने फळीवरचं पस्तीसचं पातेलं स्वतःच उचलून काउंटरवर ठेवलं. देल्फिना काही विचारणार, इतक्यात तोच म्हणाला,

“रविवारी दुकान बंद असतं ना तुमचं?”

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “असतं... का?”

“दुसरी कडी,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा तो आत्मविश्वास कुठेतरी गडप झाला.

“पातेलं नीट बसतंय का ते बघून येते,” रविवारी देल्फिना मावशीला म्हणाली.

“हो, हो. पातेलंच बघ. डोळे भरून बघ!”

त्या रविवारी अंगणात जवाचा गोड वास दाटला होता. वाफेपलीकडे त्याचा चेहरा दिसत होता, नाहीसा होत होता, पुन्हा दिसत होता. हॉप्स पडले, फेस वर चढला, पार काठापर्यंत आला... आणि थांबला. दोघांनी एकदमच श्वास सोडला. मग कड्यांना फडकी गुंडाळून त्यांनी ते पातेलं उचललं आणि पाऊल जुळवत गार पाण्याच्या टाकीपर्यंत नेलं. “हळू हं,” तो म्हणाला. “तू हळू,” ती म्हणाली. ‘तुम्ही’ कुठे सांडलं, कुणालाच कळलं नाही.

नंतर तो संध्याकाळी दुकानात येऊ लागला. मावशीच्या शेगडीवर पाणी तापायचं आणि ‘माते’चा, म्हणजे त्या कडवट पानांच्या चहाचा, एकच पेला तिघांत फिरायचा. देल्फिना पेला त्याच्या हातात देताना उगीच रेंगाळायची, आणि मावशी उगीच खोकायची.

एका संध्याकाळी तो म्हणाला, “नेउकेन शहरात बिअरच्या कारखान्यात बोलावलंय मला. पगार चांगला आहे.”

जाऊ नकोस, असं देल्फिनाला म्हणायचं होतं. पण तोंडाने ती भलतंच बोलून गेली. “मग जायलाच हवं.”

“हो?” त्याने पेला खाली ठेवला. “...हवं.”

त्यानंतर तो फिरकलाच नाही. पिल्त्रिकित्रोन डोंगराच्या माथ्यावर बर्फ दिसू लागलं. दुकानाचं दार वाऱ्याने वाजलं तरी देल्फिना मान वर करायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

आणि एका दुपारी तो आला. दारातूनच म्हणाला,

“दहा लिटरचं पातेलं दे.”

दहा लिटरचं! एकट्याचं, बसमध्ये मांडीवर घेऊन जाता येईल असं. तिने ते फळीवरून काढलं आणि फडक्याने पुसू लागली.

“आज विचारत नाहीस?”

“ह्याला दुसरं माणूस लागत नाही.”

“शेगडी तरी विचार.”

“नेउकेनची शेगडी मला काय ठाऊक!”

“नेउकेनची?” गास्पारने हात लांबवून स्वयंपाकघराचा पडदा बाजूला सारला. “ती बघ, ती शेगडी. एक बर्नर धड पेटत नाही. ‘माते’चं पाणी तापेपर्यंत मावशींच्या दोन गोष्टी सांगून होतात. दहाच्या वर ती पेलणार नाही.”

देल्फिनाच्या हातातलं फडकं थांबलं.

“तू... जाणार नाहीस?”

“त्याच आठवड्यात नाही म्हणून कळवलं.”

“मग इतके दिवस होतास कुठे?”

“तू जा म्हणालीस ना! वाटलं, नकोसा झालोय. आपण केलेली बिअर तयार झाली की ती घेऊन जायचं आणि काय ते विचारायचं, असं ठरवलं होतं.” त्याने कोटातून बाटली काढून काउंटरवर ठेवली. “पस्तीसचं रविवारी, माझ्याकडे. हे इथे, मधल्या दिवसांसाठी... मला रविवार ते रविवार थांबवत नाही, देल्फिना. आवडतेस तू मला. फार आवडतेस.”

जवळच एक पातेलं पालथं होतं, त्यावर ती बसली. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

“मूर्ख,” ती डोळे पुसत म्हणाली. “मलाही थांबवत नव्हतं.”

“शेगडी माझी आहे,” आतून मावशीचा आवाज आला. “मला कुणी विचारलं का?”

“विचारतो ना, मावशी! चालेल?”

“चालेल. पण फेस पुसायचा तुम्ही!”

गास्पारने पातेल्याची एक कडी धरली. रिकामं, हलकं, दोन बोटांनी उचलता येईल असं ते पातेलं. देल्फिना उठली आणि तिने दुसरी कडी धरली.