इगतपुरीची पेटी

जिल्ह्यातल्या छोट्या दवाखान्यांचे एक्स-रे सांभाळणं हा सातपूरच्या त्या ऑफिसचा धंदा. तालुक्यातालुक्यांत सर्व्हरच्या पेट्या ठेवलेल्या, आणि कुठला फोटो कुठल्या पेटीत जायचा ते तृप्तीने लिहिलेले नियम ठरवत. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती, दोन वेगळे तालुके. जी पेटी लवकर उत्तर देईल तिला आधी मान.

पेटी बसायच्या आधीच तिचं नाव यादीत घालून मोकळं व्हायची तिथे खोड होती. इगतपुरीचंही तसंच झालं. "मॅडम, घाटात पाऊस लय हाय. उद्या जाऊ का?" पेट्या बसवणाऱ्या किशोरने विचारलं होतं. "आजच बसव," तृप्ती म्हणाली. घाटात त्याची गाडी घसरून धरणात गेली. किशोर तिसऱ्या दिवशी सापडला, पेटी नाहीच. यादीतलं नाव खोडायला मात्र तृप्तीचा हात धजेना.

दिवाळीनंतर त्या पेटीने उत्तर दिलं.

"कुणीतरी चेष्टा करतंय," शेजारचा महेश म्हणाला, पण हसला नाही. पेटी रोज आणखी लवकर उत्तर देऊ लागली, आणि नियमाप्रमाणे रोज जास्त फोटो तिकडे जाऊ लागले.

मग कळवणहून डॉक्टर धनराज यांचा फोन. "मॅडम, तुमच्याकडच्या फोटोत भागीबाईंच्या छातीत पाणी दिसतंय. माझी फिल्म स्वच्छ आहे. बाई तर ठणठणीत आहेत!"

आठवड्याने ते पुन्हा बोलले. "भागीबाई गेल्या. छातीत पाणी झालं. फोटोत होतं तेवढंच."

तृप्तीने त्याच दुपारी नवा नियम घातला: इगतपुरी वगळा. जीव भांड्यात पडतोय तोच आठवलं, नियम फक्त नव्या फोटोंना लागतो. जुने असतात तिथेच राहतात. आणि आज सकाळीच नवऱ्याने वेदिकाला, त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीला, खोकल्यासाठी एक्स-रेला नेलं होतं.

तिने वेदिकाचं नाव शोधलं. दोन प्रती. त्र्यंबकची स्वच्छ.

इगतपुरीच्या प्रतीत डावं फुप्फुस तळाशी पांढरं होतं, पाणी भरल्यासारखं.

"महेश, पूस हा फोटो!"

"पुसला. परत आलाय."

तिने पुन्हा उघडला. पांढरी रेघ एका बरगडीने वर आली होती.

"किशोर, चुकलं रे माझं," ती पडद्याला म्हणाली. तिला रडू आवरेना. "ती लहान आहे. तिला सोड."

फोटो पुन्हा उघडायला तिने बटणाकडे बोट नेलं. दाबायच्या आधीच फोटो उघडला. रेघ आणखी एक बरगडी वर.