अकरा लाल खुणा

"माझ्या प्रोग्रॅमची कोणीतरी वाट लावलीय," इंजिनियरबाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "आणि कोणी लावली, तेही मला ठाऊक आहे."

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. सोबतीला असणारे त्यांचे दीर, निवृत्त कवायत शिक्षक, त्यांना वहिनी म्हणत. त्यामुळे सगळं गाव वहिनी म्हणू लागलं होतं.

"ठाऊक आहे तर आमच्याकडे कशाला?" भावोजींनी विचारलं. त्यांना वाटलं, फार मार्मिक बोललो.

"पुरावा हवाय. नदीला पूर कधी येईल हे माझा प्रोग्रॅम आधी सांगतो. दोन वर्षं राबलेय त्यासाठी. तीन वाजता समितीपुढे चालला नाही, तर सगळं पाण्यात! काल दुपारी झकास चालत होता. आज नुसत्या लाल खुणा. आणि काल जेवणाच्या सुट्टीत माझ्या कॉम्प्युटरवर लंबू बसला होता." बाई आता कुठे खुर्चीत बसल्या. "नऊ वर्षांची मैत्री आमची. त्याच्याविरुद्धची तक्रार टायपिंगला देऊन आलेय."

बाईंच्या कार्यालयात वहिनींनी भावोजींनाच पडद्यासमोर बसवलं. "लाल खुणांच्या ओळी मोठ्यानं वाचा."

"पाण्याची आवक वजा जावक. पातळी वजा तळ. आजची उंची वजा कालची..." भावोजींनी अशा अकरा ओळी वाचल्या. "कंस जोडीजोडीनं उभे, स्वल्पविराम जागच्या जागी. माझ्या मुलांची रांगसुद्धा इतकी शिस्तीत नसायची. यात चूक कसली?"

वहिनी बाईंकडे वळल्या.

"आज हा प्रोग्रॅम कुठून घेतलात?" त्यांनी बाईंना विचारलं.

"सही झालेल्या अहवालाच्या फाइलमधून. नियमच आहे आमच्याकडे. समितीच्या हातात छापलेलं असेल, तेच पडद्यावर चालवायचं."

लंबू शेजारच्याच खोलीत होता. नावाप्रमाणे दारातून वाकून आला.

"बसलो होतो की! साहेब म्हणाले, अहवालात प्रोग्रॅम घाला. मी चालवून पाहिला, छापला, टायपिस्टकाकांना नेऊन दिला. का? अडलाय? सरक, मी बघतो." त्यानं बाह्या वर केल्या. बाईंनी तोंड फिरवलं. बिचाऱ्याला काही कळेना.

टायपिस्टकाकांच्या टेबलावर धुळीचा कण नव्हता. वहिनींना पाहताच त्यांनी खण लोटून बंद केला.

"तयार मजकूर उचलून चिकटवणं मला जमत नाही," ते म्हणाले. "छापील कागद समोर ठेवतो आणि अक्षर न् अक्षर स्वतः टाइप करतो. प्रत्येक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून. बघा, कसं मोकळं दिसतंय!"

खरंच सुरेख दिसत होतं. वहिनींनी तो कागद खिडकीजवळ नेला, लंबूनं काल छापलेली प्रत त्याच्याशेजारी धरली आणि सगळ्यांना बोलावलं.

"गुन्हेगार कोणी नाही," त्या म्हणाल्या. "भावोजी, तुम्ही वाचलेल्या अकराही ओळींत काय होतं?"

भावोजींनी डोकं खाजवलं. "वजाबाकी?"

"शाब्बास! बेरजेच्या ओळी धडधाकट, फक्त वजाबाकीच्या आजारी. पत्रं लिहायचं सॉफ्टवेअर भारी हौशी असतं. दोन्हीकडे जागा सोडून वजाची आखूड रेघ टाइप केली, की ते परस्पर लांब करून टाकतं. वाचणाऱ्याला छान वाटतं, पण गणिताच्या सॉफ्टवेअरला ती रेघ ओळखीची नाही. लंबूंनी पाहिला तो बाईंचा मूळ प्रोग्रॅम, म्हणून चालला. काकांनी तो सजवला, आणि नियमानुसार तोच आज पडद्यावर आला. बाकी कोणी त्याला हात लावलेला नाही."

बाईंनी अकरा रेघा बदलल्या आणि बटण दाबलं. लाल खुणा गेल्या. पडद्यावर पुराचा आलेख चढत गेला.

"चालला!" लंबू बाईंपेक्षा मोठ्यानं ओरडला. त्याच्या डोळ्यांतला आनंद पाहून बाई शरमेनं अर्ध्या झाल्या.

तेवढ्यात त्यांना आठवलं. त्या धावतच काकांच्या टेबलाशी गेल्या. "काका, सकाळचा कागद... साहेबांकडे गेला का हो?"

काकांनी खण उघडला. तक्रार हातानं लिहिलेली होती तशीच आत होती.

"चार वेळा टाइप करायला बसलो," ते म्हणाले. "नऊ वर्षं तुम्हा दोघांना एका डब्यातून जेवताना पाहतोय. बोटं चालेनात, पोरी."