विसाव्याच्या ओट्यापलीकडचा रस्ता

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. घाबरवून लाइक गोळा करायची मला हौस नाही. ही हकीकत माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडली आहे, आणि ती अजून संपलेली नाही.

गाव मलकापूर. गेल्या डिसेंबरातला दुसरा रविवार.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्येची रात्र लागते. इथे सकाळचे सव्वासात वाजले होते. नगरपालिकेच्या बागेत म्हातारी मंडळी गोल करून हसण्याचा व्यायाम करत होती.

माझे भाऊजी, देवानंद, एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहेत. कापसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी नुसतं बघून वजन सांगतात, आणि फारसे चुकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शुगर सांगितली, तेव्हा त्यांनी जळगावहून ग्रॅव्हल बाइक आणली. म्हणजे खाचांच्या जाड टायरची, वाकड्या हँडलची सायकल. मुरूम असो, गोटे असोत, शेतरस्ता असो, ती चालते.

संजीवनीताईने आधी नावं ठेवली. मग स्वतःच एक घेतली आणि सहा महिन्यांत नवऱ्याला मागे टाकू लागली. गल्लीत भाऊजींची खूप चेष्टा झाली.

त्यांची दहा वर्षांची छकुली तर हट्टालाच पेटली. दिवाळीत तिलाही तशीच छोटी सायकल घेतली. पण दर रविवारी ताईचं उत्तर ठरलेलं. "नदीकाठी नाही. अजून लहान हायेस तू."

भाऊजींना एकच वेड होतं, रूट आखायचं. डांबरी नको, कच्चाच पाहिजे. बागेच्या चालायच्या पट्ट्यावरून मागच्या फाटकाबाहेर पडायचं, नळगंगेच्या काठाने जायचं आणि शेतरस्त्याने हायवेला लागायचं, असा नवा रूट त्यांनी आखला होता. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकण्याआधी दोघं बघून येणार होते.

मागचं फाटक तारेने बांधलं होतं. भाऊजी तार सोडू लागले, तसे बागेतले माळी गुलाबराव झारी टाकून आले. वय सत्तरच्या पुढे, डावा खांदा खाली पडलेला.

"तिकून नका जाऊ साहेब."

"काऊन? साप हायेत का?"

"साप असते तर बरं होतं," म्हातारा म्हणाला. "ते जुनी वाट हाये. जायचंच असंल तर ओट्यापाशी काही उचलू नका."

भाऊजी हसले. त्यांना वाटलं, ओट्यावर नारळ नाहीतर लिंबू ठेवलेलं असेल. दुसऱ्याचं लिंबू कोण उचलतं?

काठाची वाट छान होती. बारीक गोटे, दोन्हीकडे बाभळी, खाली नदीचं थोडं पाणी. टायरखाली खडी करकर वाजत होती. अर्ध्या किलोमीटरवर एक नाला वाट तोडून गेला होता, आणि नाल्याच्या अलीकडे एक काळ्या दगडांचा ओटा होता.

ताईने बघितलं आणि हळूच हात जोडले. "विसावा हाये हा."

आमच्याकडे अंत्ययात्रा अर्ध्या वाटेत थांबते. तिरडी टेकवतात. पुढचे खांदेकरी मागे होतात, मागचे पुढे येतात. मग पुन्हा उचलतात आणि मागे न बघता चालतात. त्या जागेला विसावा म्हणतात. जुनं स्मशान पुढे नदीच्या वळणावर होतं. ते पुरात वाहून गेलं, नवं दुसरीकडे झालं. वीस वर्षं या वाटेने कोणी कोणाला नेलं नव्हतं.

भाऊजींनी सायकल ओट्याला टेकवली, दोन घोट पाणी प्यायले. नाल्यात चिखल होता. असा चिखल लागला की हे सायकलवाले सायकल खांद्यावर घेऊन पार होतात.

त्यांनी ओट्यापासून सायकल उचलली... आणि उजव्या खांद्यावर घेतली.

त्यांची सायकल अकरा किलोची. नाल्याच्या मध्यात पोचेपर्यंत ती अकराची राहिली नव्हती. गुडघे वाकले, बूट घोट्यापर्यंत रुतले. जन्मभर वजनं बघितलेला माणूस तो. त्यांच्या मनात आपोआप आकडा आला. सत्तरच्या वर.

पलीकडे सायकल टेकवून ते बसले आणि पायडल मारू लागले. ताई ओट्यापाशी न थांबता, सायकल ढकलतच नाला पार करून पुढे निघून गेली होती. तिच्या चाकांची रेघ मातीवर पुसट उमटली होती. भाऊजींच्या मागे मात्र दोन बोटं खोल चारी पडत होती.

मग त्यांच्या लक्षात आलं, करकर थांबली आहे.

चाकं फिरत होती. खडी दिसत होती. आवाज नव्हता. बाभळीत एकही पाखरू बोलत नव्हतं. खालच्या वस्तीतली तीन कुत्री धावत आली, सायकलवाला दिसला की येतात तशी... आणि दहा पावलांवर थांबली. शेपट्या पोटाखाली घेऊन बाजूला झाली आणि खाली बसली.

मागून पावलं ऐकू आली.

अनवाणी. एकाची नव्हती. सगळी एका तालात.

भाऊजी थांबले. पावलं थांबली. भाऊजींनी मागे बघितलं नाही. त्यांना आजही कळत नाही की का नाही बघितलं. मान वळतच नव्हती, असं ते म्हणतात.

"संजू!" त्यांनी हाक मारली. "फिर मागं. घरी चाल."

ती परत आली. "काय झालं हो? तोंड काऊन पांढरं पडलं तुमचं?"

"काही नाही. चाक जाम झालं."

ते खोटंही नव्हतं. सायकल वळवली तसं मागचं चाक अडकलं ते अडकलंच. ब्रेक मोकळे होते, चेन जागेवर होती. त्यांनी ती पुन्हा खांद्यावर घेतली. नाला कसा पार केला ते त्यांना आठवत नाही. छाती फुटायला आली होती. ओटा दिसला तसं त्यांनी ते ओझं त्या दगडांवर टेकवलं.

मनात एकच होतं. जिथून आलं तिथेच राहू दे.

ताईने नवऱ्याची अवस्था बघितली. आपली सायकल त्यांच्या हातात दिली, बाही वर केली आणि म्हणाली, "सरका. बागेपर्यंत मी घेते."

भाऊजींना ओरडायचं होतं. नको उचलू. शब्द ओठांवर आला होता.

ते बोलले नाहीत.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते रडत होते. "गोपाल, तिनं सायकल उचलली अन् माहा खांदा हलका झाला. इतकं बरं वाटलं ना मले... म्या बोललोच नाही बे. एक शब्द बोललो नाही."

ताई चार पावलं मजेत चालली. "काहीच तर नाही हो, हलकी हाये."

पाचव्या पावलाला तिचा उजवा खांदा खाली गेला. तिचं बोलणं बंद झालं.

तिच्या खांद्यावर, अडकलेलं ते मागचं चाक सावकाश फिरू लागलं.

घरी आल्यावर भाऊजी सायकल धुवायला बसले. टायरच्या खाचांत चिखल होता. चिखलात पांढरं काहीतरी होतं. त्यांनी नखाने काढून बघितलं. ज्वारीच्या लाह्या. अंत्ययात्रेच्या पुढे उधळतात तशा. ताज्या, कोरड्या आणि कुरकुरीत.

दुसऱ्या दिवशी ताईला उठता येईना. डॉक्टर झाले, एक्स-रे झाला. सगळं ठीक. पण तिच्या उजव्या खांद्यावर एक खळी पडली होती. मनगटाएवढ्या बांबूची पडेल तशी.

बुधवारी जिनिंग रिकामं असताना भाऊजी तिला छोट्या काट्यावर घेऊन गेले. ताईचं वजन छपन्न. काट्यावर आकडा आला एकशे अठरा. त्यांनी तिला उतरवून काटा शून्य केला, पुन्हा चढवलं. एकशे अठरा.

म्हणजे बासष्ट किलो जास्त. चांगल्या हाडापेराचं एक माणूस.

तसेच ते बागेत गेले. गुलाबराव गाठोडं बांधत होते.

"तुम्हाले माहीत होतं," भाऊजी त्यांच्यावर धावून गेले. "माह्या बायकोचा जीव चालला. सांगा काय हाये ते!"

म्हाताऱ्याने गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"पुराचं साल होतं," शेवटी म्हणाला. "आम्ही तिरडी विसाव्यावर टेकवली अन् वरून पाणी आलं. चौघं होतो आम्ही. चौघंही पळालो. पाणी उतरल्यावर पाह्यलं तर तिथं काहीच नव्हतं." त्यांनी आपला पडका डावा खांदा चोळला. "मागून हाच खांदा दिला होता म्या."

"कोण होतं ते?"

"नाव नका विचारू. नाव घेतलं तर वळून पाह्यते."

"मग आता काय करू? पूजा घालू? काय म्हणाल ते करतो."

"पूजेनं काय होते? त्याले पोचायचं हाये. वळणापर्यंत. अन् एकट्याच्यानं ते पोचत नाही साहेब. चौघं लागतात."

"तुम्ही चाला ना मग!"

"म्या एकदा सोडला खांदा. माह्यापाशी येत नाही ते आता."

ते त्याच दुपारी हिवरा आश्रमाला लेकीकडे निघून गेले. परत आलेच नाहीत.

भाऊजींनी सायकलच्या ग्रुपवर लिहिलं. आठ जण आहेत. दोघांनी हसण्याचे चेहरे टाकले. बाकीच्यांनी वाचून सोडून दिलं. मला तरी त्यांचा राग येत नाही. मीही हसलोच असतो.

आता दोन महिने झाले. ताई आडवी झोपत नाही. भिंतीला टेकून, उजवा खांदा मोकळा ठेवून बसते. रोज सकाळी साडेपाचला उठते आणि दाराकडे तोंड करून उभी राहते. कोणी विचारलं तर म्हणते, "थांबले हायेत सगळे. चला ना कोणी." मागच्या मंगळवारी काट्यावर तिला पुन्हा उभं केलं. आकडा तोच, एकशे अठरा. पण ताई वाळून काडी झाली आहे. तिचं कमी झालं तेवढं त्याचं वाढलं आहे.

म्हणून मी वडनेर भोलजीहून आज, शनिवारी, इथे आलोय. मित्राची सायकल मागून आणली आहे. मला भीती वाटते, खूप वाटते. पण माझ्या लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली बहीण आहे ती. तिच्यासाठी मी खांदा देणार. उद्या सकाळी सव्वासातला निघायचं, ओट्याला आपापली सायकल टेकवायची, खांद्यावर उचलायची आणि वळणापर्यंत न्यायची, असं ठरलं आहे.

ताई, भाऊजी आणि मी. तीन झाले.

"चौथा कोण?" मी दुपारी विचारलं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. "पाहू सकाळी," म्हणाले.

दिवेलागणीला मी हे लिहायला बसलो, तेव्हा अंगणातून आवाज आला. फुस्स... फुस्स... पंपाने हवा भरल्याचा.

खिडकीतून बघितलं. छकुली तिच्या छोट्या सायकलीत हवा भरत होती. ताई तिच्या मागे उभी होती. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून.

"मामा," छकुली आनंदाने ओरडली, "आई म्हणे उद्या मी बी यायचं!"

मी धावत बाहेर गेलो. काहीतरी निमित्त काढून पोरीला आत पाठवलं. दोन्ही चाकांची हवा सोडली. वॉल्व्ह काढून खिशात टाकले, पंप आत आणून माझ्या खाटेखाली ठेवला. ताई सगळं बघत होती. फक्त हसली. ते हसणं मी तिच्या तोंडावर आधी कधी पाहिलेलं नाही.

वॉल्व्ह माझ्या खिशात आहेत. आत्ता चाचपून बघितले. पंप खाटेखाली आहे. छकुली माझ्या समोर बसून वरण-भात खात आहे.

आणि अंगणातून पुन्हा आवाज येतोय...

फुस्स. फुस्स.