एकोणतीस बुधवार

खोक्याचा तळ जिन्यावरच फाटला आणि पन्नास-साठ जुने चष्मे खडखडत खाली गेले. मी हातात रिकामं खोकं धरून तशीच उभी. खालून एकजण वर येत होता. त्याने पायाशी आलेला चष्मा उचलला, काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "वजा चार असावा. यातून तुम्ही एवढ्याशा दिसताय."

हसायला हवं होतं, पण सहाला पाच मिनिटं कमी होती. दर गुरुवारी सहाला आमच्या सेवा क्लबची सभा असते आणि मी क्लबची कार्यवाह. उशीर झाला की आमच्या अध्यक्षबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, घड्याळाकडे पाहत नाहीत, आपल्याकडे पाहतात. ते जास्त लागतं.

त्याने बाहेरच्या पावसात भिजलेली छत्री झटकली, उघडून पायरीवर उलटी ठेवली आणि एकेक चष्मा वेचून तिच्यात टाकू लागला. मीही वेचायला बसले. आमचे हात दोनदा एकाच चष्म्यावर पडले... आणि दुसऱ्यांदा दोघांनीही जरा सावकाशच उचलले. त्याने सांगितलं, की तो चष्मेवाला आहे. गेल्याच आठवड्यात या गावात आला, पुढच्या चौकात दुकान टाकलं, आणि आज सभेला आलाय तो एका मुलीला शोधायला.

"नाव माहीत नाही," तो म्हणाला. "माझी मावशी तिला नुसतं 'बुधवार' म्हणते. तुमच्या क्लबातून दर बुधवारी येऊन तिला पुस्तक वाचून दाखवते. कालही बुधवारच होता, पण मी दुकान लावण्यात अडकलो. मी दर रविवारी फोन करायचो, आणि मावशी दुसरं काही बोलायचीच नाही."

"आणि ती सापडल्यावर काय करणार?"

"आभार मानणार." तो थोडा घुटमळला. "आणि खरं सांगू? जरा बघूनही घेणार."

मी चष्मे वेचत राहिले, कारण मान वर करणं शक्य नव्हतं. बुधवार मीच होते. आणि गेले सहा महिने मी त्याच्या मावशीच्या घराची पायरीही चढले नव्हते.

आता सांगूनच टाकते. आमच्या सभेची एक रीत आहे. प्रत्येकाने उभं राहून आठवडाभरात काय सेवा केली ते सांगायचं. कुणी बाग साफ केलेली असते, कुणी रक्तदानाला माणसं आणलेली असतात. कार्यवाहाने ते इतिवृत्तात लिहायचं, पुढच्या सभेत वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "काही दुरुस्ती?" दुरुस्ती कधीच नसते. कुणीतरी "अनुमोदन" म्हणतो आणि सगळे चहाकडे वळतात. माझी सेवा म्हणजे मावशींकडे वाचन. त्यांना समोरचं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं, त्यामुळे अक्षरं गेली. मी तीन बुधवार गेले. चौथ्या बुधवारी मला सर्दी झाली. पाचव्याला ऑफिसात नकाशे पुरे करायचे होते. सहाव्याला काहीच कारण नव्हतं, फक्त दोनदा गेले नाही याची लाज वाटत होती. मग ती लाज दर आठवड्याला वाढत गेली, आणि पुढे न जाण्याचं कारण तीच झाली.

सभेत मात्र मी उभी राहून म्हणायचे, "बुधवार, दोन तास, वाचन." आणि खाली बसून ते स्वतःच लिहून घ्यायचे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

त्या गुरुवारी पाहुणा म्हणून तो बोलायला उभा राहिला. फार बोलला नाही. म्हणाला, की मावशीला एकटीला ठेवून मी दूर नोकरी करत होतो, रात्री झोप लागायची ती फक्त तुमच्यातल्या एका मुलीमुळे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं... आणि जिन्यावरची मीच ती, हे कळल्यावर त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या गुरुवारी या वर्षीचं मानचिन्ह मला द्यायचं. बेकरीवाल्या काकांनी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. मी तेही इतिवृत्तात लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

शनिवारी त्याच्या दुकानात क्लबने गरजूंसाठी गोळा केलेले चष्मे निवडायचे होते. तो यंत्रावर एकेकाचा नंबर बघून सांगायचा, मी तो चिठ्ठीवर लिहून काडीला बांधायचे. मी ठरवून गेले होते, की आज सांगायचंच. पण त्याने एक जाड चौकटीचा चष्मा हळूच माझ्या नाकावर ठेवला, कानामागचे केस बोटाने बाजूला केले आणि अगदी व्यवसायाच्या आवाजात विचारलं, "बुधवारबाई, मी स्पष्ट दिसतो का?"

"दोन दिसताय."

"त्यातला कुठला बरा?"

"उजवीकडचा. तो कमी बोलतो."

तो हसला, आणि माझं सांगणं राहूनच गेलं. मग तो मला माझ्याच गोष्टी सांगत बसला. म्हणे, वाचताना मी म्हाताऱ्या रखवालदाराचा आवाज काढते. म्हणे, दुःखाच्या जागी माझा आवाज बसतो आणि मी खोकल्याचं नाटक करते. म्हणे, एकदा हसता हसता खुर्चीतून घसरले होते. "ऐकून ऐकून मीच तुमची वाट बघायला लागलो होतो," तो म्हणाला. मग चष्म्याची काच पुन्हा पुन्हा पुसत राहिला, ती चकचकीत झाली तरी. "वेड्यासारखं आहे ना... न पाहिलेल्या माणसाची?"

मला ती मुलगी इतकी आवडली, की तिचा मत्सर वाटला. ती मी नव्हते. मग त्याने, त्याच्या लेखी आम्ही वाचून संपवलेल्या कादंबरीचा शेवटही सांगितला. दीपगृह सांभाळणारे दोन भांडखोर भाऊ शेवटी एकत्र येतात आणि आळीपाळीने दिवा लावतात. मावशीने फोनवर सांगताना तोही रडला होता.

ती कादंबरी माझ्या कपाटात होती. एकेचाळिसाव्या पानावर खूण घातलेली. घरी जाऊन मी ती एका बैठकीत संपवली. त्यात भाऊ एकत्र येतच नाहीत. धाकटा बोटीने निघून जातो, पुन्हा दिसत नाही. मी शेवटचं पान दोनदा वाचलं. म्हणजे पुस्तकाचा शेवट मावशींनी रचला होता, आणि मलाही.

पण का? क्लबमध्ये एक फोन केला असता तर माझं पितळ तेव्हाच उघडं पडलं असतं.

बुधवारी त्याने पाचला बोलावलं होतं, त्याला माझं वाचन ऐकायचं होतं. मी चारलाच गेले. मावशींनी दार उघडलं आणि नेहमीसारखं माझ्या कानाच्या बाजूला पाहिलं, म्हणजे कडेने मी दिसावी. "आलीस होय," त्या म्हणाल्या. जणू मी मागच्याच आठवड्यात येऊन गेले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उंबऱ्यातच चुकीची कबुली द्यायला लागले, सर्दी, ऑफिस, नकाशे... त्यांनी हात धरून मला आत नेलं.

"अगं, मला वाटलं माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वेळी तू वाचत होतीस आणि मला डुलकी लागली होती. घोरलेही असेन. म्हटलं, पोरगी कंटाळली. म्हाताऱ्या बाईला कोण किती सोसणार. क्लबात विचारायचीही लाज वाटली."

मला ते माहीतही नव्हतं. त्या झोपल्या होत्या हे मला कळलंच नव्हतं, मी वाचण्यात गुंग होते. सहा महिने मी माझी लाज कुरवाळत बसले होते, आणि तेवढेच सहा महिने ही बाई इथे एकटी बसून स्वतःला कंटाळवाणी समजत होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि या वेळी ती माझ्यासाठी नव्हती.

भाच्याशी खोटं का बोलल्या तेही त्यांनी सांगितलं. 'मी एकटी आहे' म्हटलं असतं तर तो नोकरी सोडून धावत आला असता. "तेव्हा म्हटलं, येते बुधवार. मग दर रविवारी तो विचारायला लागला, काय म्हणते तुझी बुधवार? मग मला रोज काहीतरी सुचायला लागलं." त्या जरा ओशाळून हसल्या. "बाई गं, मलाही करमायला लागलं तिच्याबरोबर."

तेवढ्यात तो आला. मावशींनी क्षणात सूर बदलला आणि आता नवीन पुस्तक काढ म्हणाल्या. मी वाचलं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि पुस्तकाकडे एकदाही पाहत नव्हता. सगळं झाकलेलं राहिलं असतं. मावशी बोलणार नव्हत्या, मानचिन्ह मिळालं असतं, आणि तो... तोही मिळाला असता. त्या घरात दोन तास बसून मी हेच मोजत होते, आणि प्रत्येक पानाला मला माझा आवाज परका वाटत होता.

गुरुवारी सकाळी मी मावशींना फोन केला. माझं खोटं सांगितलं तर तुमचंही उघडं पडेल, तुम्ही नको म्हणालात तर गप्प बसेन, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, "सांग बाई. मी थकले त्या मुलीला सांभाळून. माझं मी त्याला दुपारी जेवताना सांगते. तुझं तेवढं तुझ्या तोंडून होऊ दे."

संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. मानचिन्ह टेबलावर, कापडाखाली झाकलेलं. तो शेवटच्या रांगेत होता. माझ्याकडे पाहून हसला नाही, तेव्हा कळलं, की मावशींनी सांगितलंय. मी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. शेवटी विचारलं, "काही दुरुस्ती?"

खुर्च्या सरकल्या, बेकरीवाले काका चहाकडे निघालेही.

"आहे," मीच म्हणाले. "माझी आहे. गेल्या एकोणतीस सभांमध्ये माझ्या नावावर बुधवारचं वाचन लिहिलंय. मी फक्त तीनदा गेले होते, आणि काल एकदा. बाकीचं मी खोटं सांगितलं आणि खोटंच लिहिलं. ती सगळी नोंद काढून टाकावी. मानचिन्ह मला देऊ नये."

अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहत होत्या, पहिल्यांदाच. मग त्या त्यांच्या जुन्या शाळेच्या आवाजात म्हणाल्या, की दुरुस्तीला अनुमोदन लागतं. कोण देतं? माझा चेहरा पेटला होता. मी माझ्या चपलांकडे पाहत होते. माझ्या खोटेपणाला हात वर करून हो म्हणायला कुणाचंही मन होत नव्हतं, ती त्यांची भलमनसाई होती, आणि मला तीच सोसवत नव्हती.

"पाहुण्याला देता येतं का?" शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"नियमात बसत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण माहिती तुम्हालाच आहे. बोला."

"अनुमोदन," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

मी वही अध्यक्षबाईंच्या हातात दिली. कार्यवाहपदही सोडते म्हणाले. त्यांनी वही परत माझ्याकडे सरकवली. "आधी सव्वीस ओळी खोडा, स्वच्छ अक्षरात. प्रत्येकीपुढे सही करा. पदाचं पुढच्या गुरुवारी बघू." मी खाली बसून खोडत राहिले. सव्वीस सह्यांना बराच वेळ लागतो. तोवर चहा झाला, माणसं पांगली. बेकरीवाले काका जाता जाता खांद्यावर हात ठेवून गेले.

खाली आले तर तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. पाऊस थांबला होता, छपराच्या कडेवरून थेंब गळत होते. मी दोन पायऱ्या वर थांबले.

"सात महिने," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी जिच्यावर प्रेम करत होतो, ती मावशीने बनवलेली निघाली."

"हो."

"ती असं वागली नसती."

"नसती वागली." माझा आवाज बसला, आणि खोकल्याचं नाटक मला येत नव्हतं. "मला माफ कर असं म्हणायचं होतं, पण तेही तुझ्याआधी मावशींना म्हणायला हवं होतं. काल म्हणाले. तुला आज म्हणते."

तो उठून उभा राहिला. पहिल्यांदाच माझ्याकडे न हसता, सरळ पाहिलं. मी खाली पाहणार होते, पण पाहिलं नाही.

"मला राग आलाय," तो म्हणाला. "खूप. आणि तो उद्या-परवा जाईल असं वाटत नाही. घरी निघालो होतो. अर्ध्या वाटेवरून परत आलो... कारण राग आला तो तुझा, आणि सांगावासा वाटला तोही तुलाच. त्या दुसरीची आठवणसुद्धा झाली नाही." त्याने श्वास सोडला. "तो जाईपर्यंत माझ्याबरोबर राहशील? रागावेन, टोमणे मारेन. मला ते चांगलं जमतं."

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावरही."

लाज अजून तशीच होती, कानांपर्यंत. मी हो म्हणाले, आणि राहिलेल्या दोन पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.