जे गरम, ते पयलं

मानायचं तर माना, नाही तर सोडा. पण माझ्या उजव्या तळहाताची कातडी अजून गुळगुळीत हाय. तिले कोण खोटं म्हणन?

१९७४ ची संक्रांत. कारंज्यातली एक जिनिंग फॅक्टरी. नाव सांगत नाही.

मी ग्यानबा, तिथला एकटा फिटर. कापसातून सरकी काढणारी मशीनं हंगामात थांबत नसत. बिघडली का सारे माझ्याच नावानं बोंबलत. संक्रांतीची सगळ्यायले सुट्टी होती. मले नाही. इंजिन आदल्या दिवसापासून बंद, अन् उद्या सकाळी सारी मशीनं ठीक पाह्यजेत, असा मालकाचा हुकूम. आंग नुसतं मोडून आलतं.

दुपारी माझी बायको पंचफुला एस्टीनं धनजहून भाकर घेऊन आली. पोटुशी होती. चेहरा पार उतरलेला.

"भिंतीच्या पल्याड कापसाच्या कोठ्यात आंग टाक जरासं," मी म्हणलं.

"अन् तुमचं आंग काय लोखंडाचं हाय?"

"मले कायले मरण येते? तू जाय."

"सणाच्या दिवशी काहीबाही नका बोलू बाप्पा!" म्हणत ती गेली.

आता सुरुवात कोणत्या मशीनपासून करू?

माझे उस्ताद जगदेव मिस्तरी सांगत, "ग्यानबा, जे जास्त बोंबलते त्याच्या मांगं धावू नको. बेरिंगले हात लाव. जे गरम, ते पयलं." मंग त्या बेरिंगवर पान्यानं दोनदा ठोकत. टक टक. म्हणजे आधी हे खोल.

मिस्तरी मांगच्या साली तापानं गेलते.

पण बंद मशीनचं काय गरम लागणार? तिसरं मशीन लय कुरकुरायचं, म्हणून मी त्याच्याच खाली उतरलो. सारी मशीनं खालच्या एका लांब शाफ्टवर फिरत. मी पाना लावला...

टक... टक...

पुढून आवाज आला.

"मदनसिंग?" मी हाक मारली. मदनसिंग म्हणजे चौकीदार. तो फाटकावर होता, लांब.

कोणीच नाही.

पत्र्यावरची कबुतरं घुमून राह्यली होती, ती चूप झाली...

मी पुढच्या बेरिंगले हात लावला.

गरम.

अरे, इंजिन कालपासून बंद! खोलून पाह्यलं. तेल भरलेलं, पितळ चकचकीत. पुन्हा हात लावला तर थंडगार.

टक... टक...

त्याच्या पुढचं.

ते जास्त गरम. मले रडू यायले लागलं. भेवानं नाही, थकव्यानं. "मिस्तरी, मेल्यावर तरी सुटी घ्या वो," मी मोठ्यानं म्हणलं.

नुसतं टक... टक... पुढं पुढं...

शेवटचं बेरिंग भिंतीले लागून होतं. हात ठेवला अन् कातडी चरकन भाजली.

"आई गं!"

पुन्हा टक... टक... या वेळेस भिंतीवर.

तिकडं तर मशीनच नव्हतं. तिकडं कापूस होता.

अन् पंचफुला.

मी कसा धावलो, मले आठवत नाही. ती कापसाच्या गंजीले टेकून झोपली होती. ना धूर, ना जाळ. मी तसाच भाजलेला हात कापसात घातला.

आत भट्टी.

"उठ!"

"काय झालं वो?"

"उठ म्हणतो ना!" मी तिले ओढतच बाहेर काढली. आमी फाटकापाशी पोचलो अन् मांगं भडका उडाला. कापूस आतल्या आत धुमसत होता. कधीपासून, देव जाणे.

आग विझल्यावर मदनसिंगनं त्या बेरिंगले हात लावला.

"ये तो ठंडा है, ग्यानबा."

माझ्या हातावर तर फोड आलते.

मले यातलं काही समजलं नाही. आजही नाही. नोकरी सुटली, पण हाताची सवय सुटली नाही. घरात फिरता फिरता दाराची कडी, भिंत, चूल, सारं चाचपतो. पंचफुला हसते.

काल पहाटे लय थंडी होती. मी उठलो, तिच्या खाटेच्या पायाले हात लागला...

गरम.

"पंचफुला, उठ."

"आता काय झालं वो?"

"काही नाही. चाल, अंगणात बसू."

गोधडी पांघरून दोघं बसलो. ती माझ्या खांद्यावर झोपून गेली. घरात काहीच पेटलं नाही. ऊन वर आलं, तरी नाही.

मंग मी तिच्या कपाळाले हात लावला. तापानं भट्टी झालतं.